आखाजीचा गुलाब आणि संक्रांतीचा गुलाब

वाचकाचा प्रश्न : अमळनेर तालुक्यातील ५८ वर्षांच्या एका भगिनींचे हे पत्र आहे. त्यांच्या माहेरी, चोपड्याकडच्या एका खेड्यात, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले लाल गुलाबाचे मोठे झाड होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींच्या वेणीत आई त्याचे फूल माळायची आणि उरलेल्या पाकळ्यांचा गुलकंद घालायची. आता त्यांच्या स्वतःच्या दोन लेकी पुण्याहून आणि नाशिकहून आखाजीला येतात. त्यांनाही तो वास मिळावा म्हणून पाच वर्षांत त्यांनी अंगणात लाल गुलाबाची सात कलमे लावली. तीन मे महिन्यात वाळली. दोन जगली असून त्यांना हिवाळ्यात मोठी, देखणी फुले येतात, पण त्यांना वास नाही. एप्रिलमध्ये तर फूल रुपयाएवढे होते आणि पाकळ्यांच्या कडा करपतात. सहाव्याची पाने कायम पिवळी असतात. सातव्याचा वरचा भाग वाळला, खालून नवे फुटवे आले आणि आता त्याला झुपक्याने गडद गुलाबी फुले येतात. रोपवाटिकेने फसवले असे समजून त्या ते झाड उपटणार आहेत. आखाजीला फुले यावीत म्हणून त्या मार्च-एप्रिलमध्ये छाटणी करतात आणि खतही देतात. खत म्हणून त्या चुलीची राख आणि अंड्याची टरफले घालतात, आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी झाडांना देतात. यजमानांचे म्हणणे, तिथे फरशी टाकून गाडी लावावी. त्या विचारतात : आपल्या उन्हात सुगंधी लाल गुलाब होतच नाही का? कुंड्या करून गच्चीवर हिरव्या जाळीखाली ठेवू का? की माझ्या हाताला गुणच नाही?

ताई,

सगळ्यात आधी एक विनंती करतो : ते सातवे झाड उपटू नका. त्याचे कारण पुढे सांगतो, पण हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी कुदळ बाजूला ठेवा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, ती म्हणजे आईच्या अंगणातला गुलाब आणि आज रोपवाटिकेत ‘लाल गुलाब’ म्हणून मिळणारे कलम ही एकाच जातीची झाडे आहेत. मला तसे वाटत नाही. तुम्हीच लिहिले आहे की ते झाड मोठे होते, न्हाणीच्या पाण्यावर विनासायास वाढत होते, आखाजीच्या सुमारास त्याला फुले असत आणि गुलकंदाला पुरतील इतक्या पाकळ्या मिळत. एका काडीवर एक लांब दांड्याचे, टोकदार कळीचे मोठे फूल देणारा हायब्रीड टी गुलाब असा वागत नाही. तुमच्या वर्णनाला जुळतो तो आपल्याकडे देशी किंवा गावठी गुलाब म्हणून ओळखला जाणारा, बहुधा एडवर्ड नावाचा गुलाब. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरून दोनशे वर्षांपूर्वी जगभर गेलेल्या बूरबाँ गुलाबांच्या कुळातला तो आहे. त्याचे फूल मध्यम आकाराचे, झुपक्यात येणारे आणि खरे पाहता गडद गुलाबी असते. आपल्या बोलण्यात राणी रंगाचे फूलही सहज ‘लाल’ होते, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणीत तर ते अधिकच लाल झालेले असू शकते. तुमच्या आठवणीवर मी शंका घेत नाही; वास तोच असणार. मात्र झाड वेगळे असण्याचा संभव मोठा आहे, आणि तसे असेल तर पाच वर्षे तुम्ही एका झाडाकडून दुसऱ्या झाडाचे काम मागत होता.

आता सातव्या झाडाविषयी. गुलाबाचे कलम म्हणजे एका झाडावर वाढवलेले दुसरे झाड असते. खाली काटक जातीचा खुंट असतो आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे काडीवरचा अंकुर, भरलेला असतो. डोळा भरलेल्या जागी गाठ दिसते. उन्हाने वा मर रोगाने (काडी शेंड्याकडून खाली वाळत जाण्याचा रोग) वरचा भाग वाळला की गाठीखालून खुंट फुटतो आणि त्याला स्वतःची फुले येतात. तेव्हा तुमच्या झाडाने रंग बदललेला नाही आणि या बाबतीत रोपवाटिकेने फसवलेलेही नाही. खुंटासाठी रोझा इंडिका, रोझा मल्टिफ्लोरा अशा जाती वापरतात, आणि आपल्या देशात काही ठिकाणी याच कामाला एडवर्ड वापरतात. मल्टिफ्लोराची फुले साधारणतः पांढरी आणि बारीक असतात. तुमची गडद गुलाबी आहेत. उद्या सकाळी सात वाजण्याच्या आत त्या झुपक्यातले अर्धे उमललेले फूल हातात घ्या, तळहाताची ओंजळ करून त्यावर एक ऊबदार श्वास सोडा आणि मग वास घ्या. तुमच्या आईचा गुलाब कदाचित गेले वर्षभर तुमच्याच अंगणात उभा असेल. खात्रीने मी सांगू शकत नाही, तुमचे नाक सांगेल.

पण तुम्हाला हायब्रीड टीचे ते मखमली, काळसर लाल, टपोरे आणि तरीही घमघमणारे फूलही हवे आहे, हे पत्रातून स्पष्ट दिसते. आणि ही इच्छा मुळीच अवास्तव नाही. फक्त लाल म्हणजे सुगंधी हे समीकरण मनातून काढावे लागेल. फुलांच्या दुकानात आणि पुष्कळ रोपवाटिकांत आज ज्या लाल जाती दिसतात, त्या हरितगृहातील कटफ्लॉवरसाठी निवडलेल्या आहेत. लांब दांडा, फुलदाणीत टिकणे आणि दूरच्या प्रवासात न चुरगळणे हे गुण पाहून त्या तयार झाल्या. वास हा त्या निवडीचा निकष नव्हता. टॉप सिक्रेट किंवा ताजमहाल या नावाच्या जाती तुमच्याकडे असतील, तर त्यांना वास येत नाही यात तुमचा काहीही दोष नाही. कितीही शेणखत घातले तरी जातीत नसलेला वास येणार नाही. २०१५ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी पापा मेयाँ ही अतिशय सुगंधी लाल जात आणि रूज मेयाँ ही जवळजवळ निर्गंध लाल जात शेजारी ठेवून तपासली, तेव्हा पाकळीत गंधद्रव्य तयार होण्यास लागणारे एक विकर (एन्झाइम) पहिलीत भरपूर काम करताना आढळले आणि दुसरीत नाही. दोन्ही फुले लाल, दोन्ही गुलाबाच्या जाती घडवणाऱ्या एकाच मेयाँ घराण्याची.

मग कोणत्या जाती मागायच्या? क्रिमसन ग्लोरी (१९३५) ही या सगळ्यांची आजी म्हणावी अशी जात. वास अप्रतिम, पण मान नाजूक असल्याने फूल खाली झुकते आणि उन्हात लाल रंग जांभळट पडतो. क्रायस्लर इम्पिरियल ही १९५२ ची. तिच्यापासून आणि शार्ल मालेरँ या जातीपासून पुढे तीन भावंडे झाली : पापा मेयाँ, मिस्टर लिंकन आणि ओक्लाहोमा. एकाच आईबापांची असूनही तिघांचे स्वभाव निराळे आहेत. पापा मेयाँचे फूल सर्वांत देखणे, पण थंडीत तिच्यावर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, लवकर येते. ओक्लाहोमाचा रंग इतका गडद की कळी काळी वाटते. मिस्टर लिंकन उंच, जोमदार आणि चुका पोटात घालणारी जात आहे. खानदेशात पहिल्यांदा एकच झाड लावायचे असेल, तर मी डोळे झाकून मिस्टर लिंकन लावीन आणि ते रुजल्यावरच पापा मेयाँच्या वाटेला जाईन.

मात्र नावाच्या पाटीवर विसंबू नका, कारण लहान रोपवाटिकांत अनेकदा पाटी एक आणि झाड दुसरे असते. खरेदी डिसेंबरमध्ये करा, सकाळी लवकर जा आणि ज्या रोपावर प्रत्यक्ष फूल आहे तेच वास घेऊन निवडा. कळी घट्ट असताना वास जवळपास नसतो, पूर्ण उमलून दोन दिवस झालेल्या फुलाचा उडून गेलेला असतो. अर्धवट उमललेले फूलच खरे सांगते. मग वाकून गाठ पाहा. ती स्पष्ट दिसली पाहिजे आणि तिच्यावरून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या निदान दोन काड्या निघालेल्या असाव्यात. पावसाळ्यात पानांच्या हिरव्या तजेल्यावर भुलून घेतलेले रोप म्हणजे बंद पाकीट असते.

आता उन्हाविषयी, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि कधी ४५ ओलांडतो. गंधद्रव्ये उडून जाणारी असतात, आणि त्या उन्हात फूल दोन दिवसांत घाईने उमलते, पाकळ्या कमी आणि लहान राहतात, गंध साठायला वेळच मिळत नाही. मिस्टर लिंकनसारख्या जातीलाही त्या दिवसांत सुगंध धरवत नाही. आखाजी येते एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पूर्वार्धात, म्हणजे हायब्रीड टीच्या दृष्टीने वर्षातल्या सर्वांत वाईट पंधरवड्यात. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, आपल्या भागात सुगंधी लाल हायब्रीड टी हा नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीअखेरपर्यंतचा पाहुणा मानावा, आणि उरलेल्या महिन्यांत त्याला केवळ जगवावे. उन्हाळ्यात त्याच्याकडे फूल मागूच नये. तुमची तीन झाडे मे महिन्यात वाळली, त्यामागे ऊन होतेच. पण मार्च-एप्रिलमध्ये आखाजीसाठी फुले यावीत म्हणून तुम्ही छाटणी केली आणि खतही दिले, असे तुम्ही लिहिले आहे. कोवळी फूट, कमी झालेली पाने आणि उघड्या पडलेल्या काड्या घेऊन ती झाडे लाहीलाही होणाऱ्या उन्हाला सामोरी गेली. हाताला गुण नसण्याचा हा प्रकार नव्हे. वेळ चुकली, एवढेच.

मार्चच्या मध्यानंतर हायब्रीड टीवर येणारी प्रत्येक कळी हरभऱ्याएवढी असतानाच खुडून टाका. मन धजत नाही, हे मला ठाऊक आहे, पण त्या एका सवयीने झाडाची जितकी ताकद वाचते तितकी कशानेच वाचत नाही. पानांना हात लावू नका, कारण काड्यांना सावली तीच देतात. एप्रिल-मेमध्ये खत बंद ठेवा. बुंध्यापासून चार बोटे अंतर सोडून तीन इंच जाडीचे आच्छादन घाला. तुमच्या भागात केळीची वाळलेली पाने, उसाचे पाचट किंवा भुईमुगाची टरफले सहज मिळतात. वाळवीचा त्रास असेल तर निंबोळी पेंड मिसळा. पानांच्या मागे लाल कोळी जाळी करू लागला तर सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा पहिला उपाय आहे, कारण त्याला कोरडी धूळ आवडते.

गच्चीवर कुंड्या नेण्याचा विचार मात्र सोडा. मे महिन्यात स्लॅब रात्री दहा वाजतासुद्धा तापलेली असते आणि जाळी पानांना सावली देते, मुळांना नाही. कुंडीतली माती सर्व बाजूंनी तापते. जमिनीतले झाड खोलवर गारवा शोधू शकते. तुमच्या अंगणात घराच्या पूर्वेची बाजू मोकळी असेल तर तीच उत्तम. सकाळपासून बारा-एकपर्यंत ऊन मिळावे आणि नंतर घराचीच सावली पडावी. पश्चिमेच्या भिंतीजवळ लावू नका, ती भट्टीसारखी तापते. जाळी लावायचीच असेल तर फक्त मार्चअखेर ते जून, फक्त दुपारच्या बाजूने आणि झाडाच्या निदान तीन फूट वर.

माती हा तुमच्या प्रश्नाचा असा भाग आहे, ज्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण सहाव्या झाडाच्या पिवळ्या पानांचे उत्तर तिथेच आहे. नव्या पानांचे पाते पिवळे आणि शिरा मात्र हिरव्या, असे असेल तर ती लोहाची कमतरता होय. आपल्या काळ्या मातीत लोह नसते असे नाही. चुनखडी आणि विम्लता (अल्कधर्मीपणा) यांमुळे ते मुळांना उचलता येत नाही. गुलाबाला किंचित आम्लधर्मी, सामू (पीएच) सहा ते सात असलेली माती मानवते, आणि आपली काळी माती बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असते. अशा मातीत राख घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे, कारण राख स्वतःच अल्कधर्मी आहे. अंड्याची टरफले म्हणजे चुनाच. हाडांचा चुराही अशा मातीत फारसा उपयोगी पडत नाही. धुळ्यात राहत असताना मी स्वतः दोन वर्षे बंबाची राख मोठ्या श्रद्धेने गुलाबांना घातली होती आणि पाने पिवळी दिसली की आणखी एक ओंजळ घालत होतो. माती तपासून घेतल्यावर कारण कळले. आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचेही तसेच. पिण्याच्या पाण्यातून काढलेले सर्व क्षार त्याच पाण्यात उतरतात. त्याने फरशी पुसा, गुलाबाला घालू नका. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीच्या तळाशी उरणारे पाणीही याच कारणासाठी टाळा. आईच्या काळी न्हाणीच्या पाण्यात डिटर्जंट नव्हते, हेही ध्यानात असू द्या.

राख, टरफले आणि ते पाणी थांबवले तरी फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील. तोवर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेले लोह, द्यावे लागेल, आणि ते घेताना पाकिटावर ईडीडीएचए ही अक्षरे आहेत का ते पाहा. दुकानदार बहुधा ईडीटीए प्रकार देतो. तो विम्ल मातीत घातला तर लवकर निकामी होतो आणि पानांवर फवारायलाच बरा. ईडीडीएचए प्रकार आपल्या मातीतही टिकतो. महाग असतो, पण घरच्या पाच-सात झाडांना थोडासाच पुरतो.

नव्या झाडासाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते, म्हणून निघालेल्या मातीपैकी तिसरा हिस्सा ठेवा, तिसरा हिस्सा नदीकाठचा पोयटा घ्या आणि तिसरा हिस्सा पूर्ण कुजलेले शेणखत. भोवतालच्या जमिनीपेक्षा ही माती सहा ते आठ इंच उंच राहू द्या, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या झडीत मुळांशी पाणी साचणार नाही. गाठ मातीच्या वर ठेवा. पाणी रोज ठरावीक बादलीभर देण्यापेक्षा खुरप्याने दोन इंच माती उकरून पाहा. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

छाटणीची वेळ आपल्याकडे ऑक्टोबरचा मध्य, पाऊस पुरता ओसरल्यावर. त्याआधी आठ-दहा दिवस पाणी कमी करा. मुळे उघडी पाडून उन्हात ठेवण्याची जुनी रीत आहे, पण घरच्या झाडांसाठी ती मला पटत नाही, बारीक मुळे विनाकारण तुटतात. वाळलेल्या, बारीक आणि आत वळलेल्या काड्या बुडापासून काढा. चांगल्या तीन-चार काड्या निम्म्या उंचीवर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरप्या कापा. कापलेल्या जागी काडीचा गाभा पांढरा, ओलसर दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी खाली या, पांढरा लागेपर्यंत. ही एक गोष्ट घाईने केली की मर रोग वरून खाली उतरत जातो आणि मग सातव्या झाडाचे झाले तेच होते. कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. त्यानंतर झाडाला एक घमेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड पुरे. छाटणीपासून सुमारे पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस पहिला बहर येतो, आणि ती फुले काढल्यावर दुसरा बहर साधारण संक्रांतीच्या आसपास. हा दुसरा बहरच वासाला सर्वांत चांगला असतो : रात्री थंड, सकाळचे ऊन कोवळे, हवा स्थिर. लेकींना एकदा आखाजीऐवजी संक्रांतीला बोलावून पाहा.

भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात फवारता येते, पण मार्चनंतरच्या उन्हात नको, पाने भाजतात. फवारलेल्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदाला घेऊ नका.

फरशीच्या प्रश्नावर मी यजमानांच्या विरोधात जाणार नाही. पाच वर्षे अंगणात वाळलेली झाडे पाहिल्यावर कोणालाही तसे वाटेल. पण तुम्हाला सात झाडांची जागा लागतच नाही. पूर्वेकडे एक मिस्टर लिंकन आणि जिथे आहे तिथेच ते सातवे झाड, एवढी जागा सोडून बाकी अंगणात खुशाल गाडी लावावी. निर्गंध दोन झाडे जगली आहेत, त्यांचीही जागा राखा, ती काढू नका. देवाला वाहायला चालतात. फक्त सभोवतालची फरशी झाडापासून निदान दोन फूट दूर थांबवा, कारण फरशी आणि तिच्याखालचा सिमेंटचा थर तापतोही आणि चुनाही सोडतो.

सातव्या झाडाचा वास ओळखीचा निघाला, तर त्याच्या वाळलेल्या जुन्या गाठीचा भाग कापून टाका आणि त्याला मोकळे वाढू द्या. त्याला फारशी छाटणी लागत नाही. आखाजीच्या दिवशी त्याची फुले पहाटे, ऊन येण्यापूर्वी काढून ओल्या फडक्यात ठेवा. ती लहान असतील, पण वेणीत माळायला लहानच बरी. त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या जुलैमध्ये सावलीत पिशवीत लावल्या तर दीड-दोन महिन्यांत मुळे धरतात. चार काड्या लावा, दोन तरी लागतील. दिवाळीला लेकी आल्या की एक पुण्याला जाईल आणि एक नाशिकला.